हिमवाहनांचे साखळीपट्टे

खोल व मऊ हिमात वाहन रुतू नये म्हणून त्याच्या चाकांभोवती बसविलेले रबराचे, प्लॅस्टिकचे किंवा धातूचे अखंड फिरते पट्टे. काही वाहने मुळातच पट्ट्यांवर चालणारी म्हणून घडविलेली असतात. याउलट सहा वा आठ चाकांच्या हलक्या जलस्थलचर (जमिनीवर व पाण्यात चालणाऱ्या) वाहनांच्या टायरांवर हे पट्टे हिवाळ्यापुरते चढवितात व नंतर उतरवितात. येथे मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे.

पट्ट्यामुळे वाहनाचे वजन कमी होत नाही, उलट वाढते. मात्र ते अधिक क्षेत्रावर विभागले जाते. वजनास टेकलेल्या क्षेत्राने भागले असता भूदाब मिळतो. मालासह ८०० किग्रॅ. वजनाच्या वाहनाचे दोन पट्टे प्रत्येकी ४५ सेंमी. रुंद असून २०० सेंमी. लांबीवर टेकले असतील, तर भूदाब दर चौ. सेंमी.ला सुमारे ०·०४ किग्रॅ. येतो. केवळ टायरांवर उभ्या असलेल्या त्याच वाहनाचा भूदाब याच्या कित्येक पट असतो. ७० किग्रॅ. वजनाच्या माणसाचा चालताना एका पावलावर भार येतो, तेव्हा दाब सु. ०·३५ किग्रॅ. असतो. म्हणूनच ज्या हिमात माणूस मांडीपर्यंत रुततो, तेथून त्याच्या दसपटीहून जड असे वाहन वरच्यावर निघून जाऊ शकते.

परभणी जिल्ह्यातील बोरी (ता. जिंतूर) या भागात पावसाळ्यात काळ्या रानातून भरलेली गाडी नेणाऱ्यास हे तत्त्व वेगळे सांगावयास नको. तथापि चिखल व हिम यांत महत्त्वाचा फरक आहे. भिजलेली चिकणमाती दाबली जात नाही, ती बाजूला सरकते व चाकाला चिकटते. हिमात बहुतांश हवा असते. ताज्या हिमाची घनता दर घ. मी.ला ५० ते १०० किग्रॅ., वाऱ्याने घट्ट बसलेल्या हिमाची सु. ३०० ते ४०० किग्रॅ. आणि बर्फाची ९१७ किग्रॅ. असते. पट्ट्याखाली हिम दबते, त्याचे कण परस्परांना चिकटतात व काही वेळाने तो थर कठीण होतो. चिखलातील वाट दर फेरीला बिघडत जाते. हिमातील वाट पहिल्या वाहनाने दाबून ठेवली, की दुसऱ्या दिवशी बहुधा चांगली झालेली असते.

हिम दबण्याची खोली वाहनाच्या तळाच्या उंचीहून अधिक झाली, तर मात्र अडचण उद्भवते. जलस्थलचर वाहनाचा तळ होडीसारखा सपाट व बंद असल्याने तो हिमावर टेकतो, वाहनाचे वजन पट्ट्यांऐवजी तळावर येते आणि पट्टे जागच्या जागी फिरून स्वतःखालचे हिम उकरू लागतात. अशा वेळी एंजिनाचा जोर वाढविणे हा सर्वांत वाईट उपाय होय. पट्टे थांबवून, मागे येऊन, त्याच वाटेने पुनःपुन्हा पुढे जात हिम थोडेथोडे दाबणे श्रेयस्कर ठरते.

या वाहनांना बहुधा सुकाणूने वळणारी पुढची चाके नसतात. एका बाजूच्या चाकांची गती रोखून दुसऱ्या बाजूची चालू ठेवली, की वाहन घसरत वळते. नुसत्या टायरांवर हे सोपे असते. पट्टा चढविल्यावर त्याची संपूर्ण लांबी आडवी घासावी लागते, बाजूला हिमाचा ढीग साचतो, साखळ्या, आस व गतिरोधक यांवर ताण येतो आणि पट्टा टायरावरून निसटण्याचा संभव वाढतो. यासाठी वळण मोठे व सावकाश घेतात. चढावर किंवा आडव्या उतारावर पट्टा निसटला, तर तो पुन्हा चढविणे हे थंडीत फार कष्टाचे काम असते.

टायरांतील हवेकडे सहसा पुरेसे लक्ष दिले जात नाही. एका बाजूची सर्व चाके सारख्याच फेऱ्यांनी फिरतात. एखाद्या टायरात हवा कमी असेल तर त्याचा परीघ लहान भरतो आणि ते चाक पट्ट्याच्या विरुद्ध ओढू लागते. या वाहनांच्या टायरांतील दाब मुळातच थोडा असतो. २७° से. तापमानात वातावरणापेक्षा दर चौ. सेंमी.ला ०·३५ किग्रॅ. अधिक दाबाने भरलेला टायर −३०° से. तापमानात नेला व त्याचे घनफळ तेच राहिले असे धरले, तर हा अधिक दाब ०·०९ किग्रॅ.च्या आसपास उतरतो. म्हणजे गळती मुळीच नसता टायर जवळजवळ बसतो. म्हणून हवा प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी, तेथील तापमानात भरावी लागते. याउलट टायर व पट्टा यांच्यामध्ये हिम साचून घट्ट झाले, तर पट्टा अतिरिक्त ताणला जातो. काळी माती गाडीच्या चाकावर थर धरते तसाच हा प्रकार असून उपायही तोच आहे : उतरून खरवडणे.

पाण्यात पट्ट्यांवरील आडव्या कडा वल्ह्यांसारख्या उपयोगी पडतात. पण वाढलेल्या वजनामुळे वाहन पाण्यात अधिक बुडते व पाण्याच्या पातळीवर राहणारी त्याच्या कडेची उंची घटते. ओले पट्टे पाण्याबाहेर येताच गोठतात. त्यामुळे पाण्यातून आल्यावर वाहन काही वेळ मागेपुढे चालवून पाणी झटकून टाकावे लागते. पट्टे टाळून अत्यंत मोठे व कमी दाबाचे टायर वापरणे हा दुसरा मार्ग असून भारतीय भूसेनेकडील ॲटर एन-१२०० हे चारचाकी जलस्थलचर वाहन त्याचे उदाहरण आहे.

रशियाच्या झारच्या मोटारींची देखभाल करणारे फ्रेंच अभियंते आडॉल्फ केग्रेस यांनी पहिल्या महायुद्धापूर्वी मोटारींच्या मागील चाकांच्या जागी लवचिक पट्टे बसविले. शॅकल्टन यांनी १९०७–०९ च्या अंटार्क्टिक मोहिमेत नेलेली चाकांची मोटार मऊ हिमात निरुपयोगी ठरली होती. स्कॉट यांच्या १९१०–१३ च्या मोहिमेतील तीन मोटार-घसरगाड्या पट्ट्यांच्या होत्या. त्यांपैकी एक उतरवितानाच समुद्रावरील बर्फ फुटून बुडाली. उरलेल्या दोन एंजिने बिघडल्याने सोडून द्याव्या लागल्या. पट्ट्यांची कल्पना चुकीची नव्हती, एवढे त्यावरून दिसले. कॅनडातील क्वेबेक प्रांतात झोझेफ-आर्मां बाँबार्डिये यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात हिमाने रस्ते बंद असल्याने रुग्णालयात नेता न येऊन मरण पावला. त्यांनी रबरी पट्टा व त्याला फिरविणारे दंतचक्र यांची जोडणी सिद्ध केली व १९३७ मध्ये तिचे एकस्व मिळविले. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन ‘वीझल’ वाहनाचा एक प्रकार जलस्थलचर होता.

टायरांवर पट्टे चढविण्याच्या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध दाखला एडमंड हिलरी यांचा होय. भारतातील शेतकऱ्यांनाही परिचित असलेल्या फर्ग्युसन बनावटीच्या तीन शेती ट्रॅक्टरांवर पट्टे बसवून त्यांचा गट ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला. सोबत घेतलेले, मुळातच पट्ट्यांचे असलेले वीझल वाहन मात्र वाटेतच सोडावे लागले होते.

भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे उतरली. तिसऱ्या मोहिमेत हिमखंडमंचावर उभारलेले ‘दक्षिण गंगोत्री’ हे केंद्र हिमाखाली गाडले गेल्याने १९९० मध्ये बंद झाले. त्याची जागा घेणारे ‘मैत्री’ हे केंद्र शिर्माकर या हिममुक्त खडकाळ भागात असून सामान उतरविण्याच्या किनाऱ्यापासून सु. १०० किमी. आत आहे. इंधन व अन्नसामग्री तेथे नेण्यासाठी ‘पिस्टनबुली’ ही जर्मन बनावटीची रुंद पट्ट्यांची वाहने घसरगाड्या ओढतात. या मोहिमांची व्यवस्था गोव्यातील वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. कमी भूदाबामुळे हिमाने झाकलेल्या अरुंद भेगांवरून वाहन पार होण्याची शक्यता वाढते, परंतु रुंद भेगेवरील हिमाचा पातळ पूल कोणत्याच पट्ट्याने सुरक्षित होत नाही. म्हणून अशा प्रदेशात ठराविक खुणा केलेल्या वाटेनेच व एकाहून अधिक वाहनांनी मिळून प्रवास करतात. [⟶ ट्रॅक्टर, रणगाडा].