व्हॉट्सॲप ग्रुपचा बॅकअप: घेतलाय खरा, पण परत येतो का?



मे महिन्याच्या सुट्टीत बरेच जण नवा फोन घेतात. मग जूनमध्ये शाळा उघडली की शिक्षण परिषदेत हमखास कुणीतरी विचारतं, "जुने मेसेज गेले हो, परत आणता येतील का?"

वर्गाचा पालक ग्रुप आता नुसत्या गप्पांचा राहिलेला नाही. 2020 च्या लॉकडाऊनपासून स्वाध्यायाचे फोटो, आजारी मुलाचा निरोप, केंद्रप्रमुखांनी मागवलेली माहिती, सगळं त्यातच असतं. आपल्या वैजापूर भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत. त्यांना लिहिण्यापेक्षा बोलून पाठवणं सोपं जातं. "आम्ही कारखान्यावर आलोय, पोरीला आजीकडं ठेवलंय, हा आजीचा नंबर" असा एक व्हॉइस मेसेज त्या मुलीला शाळेत टिकवायला उपयोगी पडतो. तो दुसरीकडे कुठेही लिहिलेला नसतो.

आता मूळ मुद्दा. हे मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर कायम असतील असं अनेकांना वाटतं. तसं नाही. व्हॉट्सॲपचा सर्व्हर पोस्टमनसारखा आहे. पत्र पोहोचलं की त्याच्या पिशवीत ते उरत नाही. समोरच्याचा फोन बंद असेल तर मेसेज 30 दिवस थांबतो, मग काढून टाकला जातो. टेलिग्रामचं वेगळं आहे, तिथले साधे चॅट सर्व्हरवरच राहतात. पण व्हॉट्सॲपचा डेटाबेस आपल्या फोनमध्येच असतो, म्हणजे तो सांभाळायची जबाबदारीही आपलीच.

डेटाबेस म्हणजे काय? आपलं आवक रजिस्टर डोळ्यांसमोर आणा. रजिस्टरमध्ये पत्राचा क्रमांक, तारीख, विषय असतो. पत्र मात्र फाइलला लावलेलं असतं. तसंच इथे मेसेजचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो आणि फोटो, आवाज, व्हिडिओ वेगळ्या फोल्डरमध्ये. नुसतं रजिस्टर वाचलं तर नोंद दिसेल, फोटो उघडणार नाही. मोठ्या संस्था स्वतःचा चॅट सर्व्हर चालवतात तिथेही असंच असतं. डेटाबेसची प्रत, पाठवलेल्या फायली आणि सर्व्हरची सेटिंग्ज अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळच्या ठेवाव्या लागतात. चालू डेटाबेसची फाइल नुसती उचलून कॉपी केली तर अर्धवट लिहिलेलं पान हाती येऊ शकतं, म्हणून तिथे त्यासाठी वेगळी आज्ञा असते.

अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲप रोज पहाटे 2 च्या सुमारास फोनमध्येच एक प्रत करतं आणि साधारण मागच्या 7 दिवसांच्या प्रती ठेवतं. पण फोनच हरवला किंवा विहिरीत पडला तर या प्रतीही गेल्या! म्हणून दुसरी प्रत गूगल ड्राइव्हवर हवी. सेटिंग्जमध्ये चॅट्स, त्यात चॅट बॅकअप. तिथे शेवटच्या बॅकअपची तारीख दिसते, ती आधी बघा. व्हिडिओ आपोआप घेतले जात नाहीत, तो पर्याय वेगळा चालू करावा लागतो. गूगलची मोफत जागा 15 जीबी आहे आणि ती ईमेल, फोटो, ड्राइव्ह मिळून असते. ती भरली की बॅकअप थांबतो. बॅकअप बंद पडायचं मला वाटतं हेच सर्वात नेहमीचं कारण असावं.

बॅकअप घेणं सोपं आहे, खरी परीक्षा परत आणताना होते. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या नामांकित कंपनीत एका कर्मचाऱ्याकडून चुकून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पण ऐन वेळी एकही धड कामाला आली नाही. सुमारे 6 तास जुनी एक प्रत योगायोगाने सापडली, त्यावर निभावलं. एवढ्या तज्ज्ञांचं असं होतं, तर आपण आधी तपासलेलं बरं.

घरातलं एखादं जास्तीचं सिम आणि जुना फोन घ्या. त्यावर दहा मेसेज, एक फोटो आणि एक व्हॉइस मेसेज पाठवा, बॅकअप घ्या, ॲप काढून पुन्हा टाका. सगळं आलं का ते मोजा. रोजच्या नंबरवर हा प्रयोग नको.

खऱ्या वेळी नंबर तोच लागतो आणि गूगल खातंही तेच. नंबर पडताळल्यावर लगेच 'रिस्टोअर' विचारलं जातं. घाईत ते वगळलं आणि पुढचा बॅकअप झाला, तर जुन्या प्रतीवर नवी रिकामी प्रत बसते. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्यांना ड्राइव्हची प्रत चालत नाही, चॅट हलवायची सोय वेगळी आहे.

मुलांचे फोटो आपल्या खासगी खात्यात जातात, हे मला स्वतःला खटकतं. 2021 पासून बॅकअपला कुलूप लावता येतं, पासवर्डने किंवा 64 अंकी किल्लीने. मी ते लावाच म्हणेन. मात्र पासवर्ड विसरला तर कंपनीलाही ते उघडता येत नाही, तेव्हा तो कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा.

वर्षअखेरीला ग्रुपमधून 'एक्सपोर्ट चॅट' केलं की साधी मजकुराची फाइल मिळते. ती पुन्हा व्हॉट्सॲपमध्ये भरता येत नाही, पण कुठल्याही संगणकावर वाचता येते. व्हॉइस मेसेज मात्र मजकुरात उतरत नाहीत. आजीचा नंबर तेवढा वहीत उतरवून घ्या.