जागा सोडणारी प्लीहा

धावताना कुशीत कळ आली की छात्र दोन मिनिटे थांबतो आणि पुन्हा रांगेत लागतो. बहुतेक वेळा त्यात काळजीचे काही नसते. पण विश्रांतीनेही न थांबणारी, उलट्यांसह येणारी, महिन्या-दोन महिन्यांनी परतणारी पोटदुखी 'बहाणा करतोय म्हणतील' या धास्तीने लपवू नये.

प्लीहा, जुन्या बोलीतली पाणथरी, डाव्या बरगड्यांखाली असते. मुठीएवढी, साधारण 150 ग्रॅमची. तिला जागेवर धरणारे बंध जन्मतः नसले किंवा सैल पडले, तर ती लांब देठावर लोंबत खाली, कधी ओटीपोटापर्यंत सरकते. देठाला पीळ बसला की रक्त अडते. पीळ आपोआप सुटला की दुखणे थांबते, आणि तिथेच सगळे फसतात.

अभनपूर-रायपूर भागात पोटात प्लीहेची गाठ लागली की डॉक्टर आधी सिकलसेल किंवा मलेरियाचा विचार करतात, आणि ते योग्यच. या विकारात मात्र सोनोग्राफीत बरगड्यांखालची जागा रिकामी दिसते. डॉप्लरने रक्तप्रवाह कळतो. सीटी स्कॅनमध्ये देठ भोवऱ्यासारखा पिळलेला दिसतो.

उपचार शस्त्रक्रियेचाच. पीळ सोडवल्यावर रक्त परतले तर प्लीहा जागेवर पक्की बसवतात. निकामी झाली असेल तर काढतात. मग न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस व हिमोफिलसच्या लसी आवश्यक ठरतात. पालकांनी ही शस्त्रक्रिया शाळेला लेखी कळवावी, कारण अशा मुलाला ताप आला तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात न्यावे लागते.