रानातले अनवट रंग : सिमलीपालचा काळा वाघ

काझीरंगाच्या सोनेरी वाघाला आणखी एक आठवडा थांबावे लागेल. गेल्या भागातल्या काळ्या बिबट्यावरून चंद्रपूरच्या एका वाचकांनी जो प्रश्न विचारला आहे, तो ओलांडून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. ते म्हणतात, ओडिशातल्या सिमलीपालसारखे काळे वाघ जगातल्या दुसऱ्या कुठल्याच रानात नाहीत. मग 2024 मध्ये आपल्या ताडोबातल्या दोन वाघिणी, जमुना आणि झीनत, तिथे नेऊन ते दुर्मीळ रक्त पातळ कशासाठी करायचे? प्रश्न रास्त आहे. पण मला वाटते, सिमलीपालमध्ये इतके काळे वाघ असणे हेच त्या वाघिणी नेण्याचे सर्वांत सबळ कारण आहे.

आधी हे पाहू, की हा वाघ काळ्या बिबट्यासारखा काळा नसतो. बिबट्याच्या सगळ्या अंगावर काळे रंगद्रव्य पसरते आणि ठिपके त्याखाली बुडतात. सिमलीपालच्या वाघाचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळतात आणि मधला पिवळा रंग फटींतून तेवढा दिसत राहतो. म्हणजे बिघाड रंगात नाही, नक्षीच्या आखणीत आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन, विनय सागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये या बिघाडाचे मूळ शोधले. ते निघाले टॅकपेप नावाच्या जनुकात. याच जनुकातल्या वेगळ्या बदलांमुळे आफ्रिकेतल्या ‘किंग’ चित्त्याचे ठिपके जुळून पट्टे होतात आणि घरच्या काही मांजरांच्या अंगावर रेघांऐवजी मोठी वळणे उमटतात, हे 2012 मध्येच कळले होते. एकाच कुळातले तीन प्राणी आणि नक्षी बिघडण्याची एकच जागा! या विषयात मला याहून सुंदर काही सापडलेले नाही.

आता आकड्यांकडे येऊ. हे जनुक अप्रभावी आहे. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून बदललेली प्रत आली तरच वाघ काळा होतो. त्या अभ्यासात सिमलीपालमधले सुमारे 37 टक्के वाघ काळे आढळले. एवढे काळे जन्मायचे तर तिथल्या या जनुकाच्या दर 10 प्रतींपैकी साधारण 6 प्रती बदललेल्या असायला हव्यात. भारतातल्या इतर जंगलांतल्या वाघांचे नमुने तपासले तेव्हा ही प्रत कुठेच मिळाली नाही. मिळाली ती फक्त सिमलीपालशी नाते असलेल्या, प्राणिसंग्रहालयांतल्या वाघांत. बाहेर शून्य आणि आत निम्म्याहून अधिक, ही तफावत कशी पडली? संशोधकांचे उत्तर असे, की मोजक्या वाघांपासून ही वसाहत वाढली, त्यांतल्या एखाद्याकडे ही प्रत होती, आणि नंतर बाहेरच्या वाघांशी संबंध तुटल्याने ती निव्वळ योगायोगाने पसरत गेली. ओडिशा सरकारच्या 2023-24 च्या गणनेत सिमलीपालमध्ये 27 प्रौढ वाघ होते आणि त्यांतले 13 काळे होते.

यावर आक्षेप येतो तो असा : सिमलीपालचे रान दाट आणि अंधारे आहे, तिथे काळा वाघ अधिक चांगला लपत असेल, म्हणून निसर्गानेच त्याला निवडले असेल. काळ्या बिबट्याच्या बाबतीत हा तर्क जोरदार आहे, कारण तो सह्याद्रीत आढळतो, मलायातही आढळतो. एकमेकांपासून दूर असलेल्या ओल्या, घनदाट रानांत तोच रंग वारंवार वाढतो, तेव्हा निवडीचा संशय घ्यायलाच हवा. वाघाचे तसे नाही, त्याचा हा रंग एकाच रानात अडकून आहे. कोणी म्हणेल, इतरत्र तो बदल झालाच नसेल तर निसर्ग निवडणार काय? हेही खरे. म्हणूनच या एका जनुकापलीकडे पाहावे लागते. निवड त्या-त्या गुणाच्या जनुकापुरती काम करते, पण एकाकीपण सगळ्या जनुकांवर शिक्का मारते. आणि सिमलीपालचे वाघ एकूणच इतर वाघांपासून वेगळे पडलेले आहेत. लपण्याचा थोडा फायदा होत असेलही, पण हा चढा आकडा समजावून घ्यायला त्याची गरज पडत नाही.

रंगाने वाघ मरत नाही. ज्या वाटेने हा रंग वाढला, त्याच वाटेने न दिसणारे घातक दोषही वाढतात, ही खरी काळजी आहे. ‘दुर्मीळ रक्त’ जपण्याच्या हौसेचे काय होते, ते पांढऱ्या वाघाने दाखवले आहे. 1951 मध्ये रेवा भागात पकडलेल्या मोहनला साध्या वाघिणीपासून पांढरी पिल्ले होईनात, म्हणून त्याची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी, लावली गेली. 1958 मध्ये चार पांढरी पिल्ले झाली आणि पुढे जवळच्या नात्यातले तेच संकर चालू राहिले. तिरळे डोळे आणि इतर व्यंगे त्या वंशाला चिकटली.

उरली भीती काळा वाघ नाहीसा होण्याची. ताडोबाच्या वाघिणीला काळ्या नरापासून पिल्ले झाली, तर ती सगळी नेहमीच्या पट्ट्यांची असतील, आणि प्रत्येकात ती एक प्रत लपलेली असेल. अशी दोन पिल्ले मोठी होऊन जुळली, की त्यांच्या पोटी पुन्हा काळे पिल्लू जन्मू शकते. म्हणजे रंग जाणार नाही, त्याचे प्रमाण घटेल. पुढच्या गणनांत काळ्या वाघांची टक्केवारी उतरलेली दिसली आणि एकूण वाघ वाढलेले दिसले, तर चंद्रपूरकरांनी आपल्या वाघिणींचे काम झाले असे खुशाल समजावे.