विजेची शेगडी : बिघाड कसा ओळखावा, निगा कशी राखावी

गॅसचे सिलिंडर अचानक संपले, पावसाळ्यात सरपण ओले झाले किंवा पहाटे घाईने दूध तापवायचे असले की शेतकरी कुटुंबात विजेची शेगडी बाहेर निघते. बाजारात आता इंडक्शन शेगडी सर्रास मिळत असली तरी चिनी मातीच्या थाळीतील उघड्या कॉइलची शेगडी अजून बऱ्याच घरांत आहे. ती स्वस्त असते, तिच्यावर कोणतेही भांडे चालते आणि तिची कॉइल गावातल्या दुकानातही मिळते. शेगडी बिघडली की 'कॉइल गेली' असे समजून नवी कॉइल आणण्याची पद्धत आहे. मात्र पुष्कळ वेळा दोष कॉइलमध्ये नसतोच. तो प्लगमध्ये, ढिल्या जोडात, बारीक वायरमध्ये किंवा नसलेल्या अर्थिंगमध्ये असतो. नवी कॉइल टाकून शेगडी चार दिवस चालते, पण आग लागण्याचे आणि शॉक बसण्याचे मूळ कारण घरात तसेच राहते.

शेगडी मंद का पेटते?

विहिरीवरील मोटारीचा अनुभव सर्वांना आहे. दाब कमी झाला की मोटार जास्त करंट ओढते, गरम होते आणि वाइंडिंग जळते. शेगडीचे नेमके उलटे असते. दाब कमी झाला की ती कमी करंट घेते आणि नुसती मंद होते. मात्र हा मंदपणा वाटतो त्यापेक्षा बराच जास्त असतो, कारण उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टला २,००० वॅट देणारी शेगडी १८० व्होल्टला सुमारे १,२२५ वॅटच देते. दाब पाचव्या हिश्शाने कमी झाला, पण उष्णता जवळजवळ दोन पंचमांशाने घटली. अशा वेळी कॉइल बदलून काहीही उपयोग नाही.

रात्री उशिरा गावातील वापर थंडावला की दाब वाढतो. तो २६० व्होल्टपर्यंत गेला तर हीच शेगडी २,५५० वॅटच्या वर जाते. कॉइल वारंवार जळण्याची तक्रार असेल तर ती कोणत्या वेळी जळते याकडे लक्ष द्यावे. घरातील काही दिवे एकाएकी भगभगीत झाले तर बाहेर न्यूट्रल तुटल्याची शक्यता असते. अशा वेळी प्रथम मेन स्विच बंद करावा आणि नंतर वायरमनला कळवावे.

मळ्यातील वस्तीवर दुसरे एक कारण असते. मीटरपासून स्वयंपाकघर १०० मीटर दूर असेल आणि तेथपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची वायर ओढलेली असेल, तर २,००० वॅटची शेगडी चालू असताना वायरमध्येच सुमारे १९ व्होल्ट खर्च होतात. शेगडीला १,७०० वॅटही मिळत नाहीत आणि दीडशे वॅट नुसती वायर तापवण्यात जातात. तांब्याची तेवढ्याच जाडीची वायर असेल तर घट सुमारे १२ व्होल्ट राहते.

प्रथम प्लग पाहावा

२,००० वॅटची शेगडी जवळजवळ ९ अँपिअर करंट घेते. ती दिव्या-पंख्याच्या ५-६ अँपिअरच्या सॉकेटवर कधीही लावू नये. तिच्यासाठी १५-१६ अँपिअरचा मोठा पॉवर सॉकेट आणि तेथपर्यंत मीटरपासून स्वतंत्र, किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असावी. मल्टिप्लगवर किंवा गुंडाळून ठेवलेल्या एक्स्टेन्शन वायरवर शेगडी चालवू नये, कारण गुंडाळीतील उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते.

सोपी परीक्षा अशी करावी. शेगडी पंधरा मिनिटे चालवून स्विच बंद करावा, प्लग उपसावा आणि पिनांना हात लावून पाहावा. कोमट असतील तर चालेल. चटका बसत असेल, पिन काळी पडली असेल किंवा सॉकेटचे तोंड तपकिरी झाले असेल तर तेथे जोड ढिला आहे. ढिल्या जोडाचा विरोध अवघा अर्धा ओहम असला तरी ९ अँपिअरला तेथे चाळीस वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. म्हणजे प्लगच्या आत एक लहान सोल्डरिंगची इस्त्री सतत तापत ठेवल्यासारखे आहे. असा प्लग व सॉकेट दोन्ही बदलावेत. नुसता प्लग बदलला तर जुन्या सॉकेटच्या सैल पत्त्या नवी पिनही जाळतात. वायरचे सर्व धागे नीट पिळून स्क्रूखाली घट्ट आवळावेत.

फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालण्याची खोड फार वाईट. मग फ्यूजऐवजी भिंतीतील वायर जळते.

शॉक लागतो तेव्हा

शेगडीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्याच क्षणी वापर थांबवावा. चप्पल घालून किंवा पाटावर बसून काम भागवणे हा उपाय नव्हे. बहुतेक वेळा दूध किंवा आमटी उतू जाऊन थाळीच्या खाचेतून खाली उतरते आणि त्या ओलसर, खारट थरातून वीज पत्र्यावर येते. अर्थिंग चांगले असेल तर ही वीज जमिनीत निघून जाते. परंतु आपल्याकडे प्लगची तिसरी, जाड पिन सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून कापून टाकलेली आढळते. काही घरांत सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्यामागे वायरच नसते. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा ई.एल.सी.बी. बसवून घ्यावा. सारख्या जळणाऱ्या कॉइलींच्या खर्चापुढे हा खर्च मोठा वाटतो, पण स्वयंपाकघरात ओल्या हाताने वावरणाऱ्या घरच्या मंडळींच्या जिवाचा विचार करता तो टाळू नये.

आणखी एक दोष सहसा लक्षात येत नाही. स्विच फेजऐवजी न्यूट्रलच्या वायरवर जोडलेला असतो. मग स्विच बंद केल्यावर शेगडी विझते, पण कॉइलमध्ये वीज असतेच. समोरून पाहताना सॉकेटचे जाड भोक वर असेल तर उजव्या भोकात फेज हवा. स्विच बंद असताना कोणत्याही भोकात टेस्टर पेटला तर जोडणी चुकलेली आहे. उघड्या कॉइलच्या शेगडीवर भांडे ठेवताना व उतरवताना स्विच बंद करावा, आणि पुसण्यापूर्वी प्लगच काढावा.

कॉइल तपासणे व बदलणे

प्लग काढून शेगडी गार झाल्यावर मल्टिमीटरने प्लगच्या दोन बारीक पिनांमधील विरोध मोजावा. २,००० वॅटला सुमारे २६ ओहम, १,५०० वॅटला ३५ आणि १,००० वॅटला ५३ ओहम येतो. गार असताना थोडा कमी दिसेल. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल किंवा वायर तुटली आहे. जाड पिन आणि इतर दोन पिना यांच्यामध्ये मात्र मीटर हलताच कामा नये. हलला तर पत्र्याला वीज लागते आहे.

तुटलेली कॉइल ओढून, पीळ देऊन पुन्हा जोडण्याचा मोह टाळावा. पिळाच्या जागी जोड तापतो आणि तार आखूड होते. दहा टक्के तार कमी झाली तर उरलेल्या प्रत्येक इंचावरील उष्णतेचा भार सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो, म्हणून जोडलेली कॉइल आठवडाभरात दुसरीकडे तुटते. मातीतील ओलावा काढण्यासाठी प्रयोगशाळेत १०५ अंश सेल्सिअसला चालणारी ओव्हन असते. तिच्यातही अशी तार असते, पण ती वर्षानुवर्षे टिकते. तिच्यावर मीठ-दूध सांडत नाही आणि चिमट्याने तिला कोणी हलवत नाही. एकदा लाल झालेली तार गार झाल्यावर ठिसूळ होते, हे ध्यानात ठेवावे.

नवी कॉइल थाळीच्या वॅटनुसारच घ्यावी. बसवण्यापूर्वी खाच जुन्या ब्रशने साफ करावी आणि कॉइल सगळीकडे सारखी ताणावी. एका जागी वेढे दाट राहिले तर तेथे ती आधी जळते. वेढे खाचेच्या काठाखाली राहावेत, भांड्याच्या बुडाला लागू नयेत. कॉइलची टोके चिनी मातीच्या कनेक्टरमध्ये स्क्रूने आवळावीत आणि आतल्या वायरवर चिनी मातीचे मणी घालावेत. प्लास्टिकच्या आवरणाची वायर किंवा चिकटपट्टी तेथे वितळते.

इंडक्शन शेगडी असेल तर

तिच्यात कॉइल तापत नाही, भांड्याचे बूड तापते. म्हणून बुडाला चुंबक चिकटेल असेच भांडे लागते. ॲल्युमिनियम व पितळेचे साधे भांडे ठेवल्यास ती चालतच नाही. हा बिघाड नव्हे. दाब फार कमी-जास्त झाला तरी ती आपोआप बंद पडते. काम संपल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नये. खालच्या जाळीतील धूळ महिन्यातून एकदा प्लग काढून कोरड्या ब्रशने झाडावी, कारण उबेला आत झुरळे जमतात आणि सर्किट खराब करतात. काचेला तडा गेला तर शेगडी लगेच बंद करावी. त्या फटीतून सांडलेले पाणी थेट विजेच्या भागांवर जाते.