भाग ४ : चाल आणि वेग – कावेरीच्या पाण्याचा हिशोब

आज फळा-खडू बाजूला ठेवू आणि तंजावूरकडच्या कालव्याच्या काठी बसू. भोसल्यांचे हे तंजावूर. इथल्या खेड्यांचे वर्ष कावेरीच्या पाण्यावर चालते.

१९३४ साली पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणात साठा पुरेसा असेल, तर कुरुवै भातासाठी १२ जूनला पाणी सोडायची प्रथा आहे. ते कल्लणै बंधाऱ्यावर पोहोचायला साधारण तीन दिवस लागतात. नदीच्या वाटेने अंतर सुमारे २०० किलोमीटर. २०० भागिले ७२ तास, म्हणजे ताशी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास. ही सरासरी चाल. माणूस रमतगमत चालतो, त्याहूनही कमी!

आता नकाशावर मेट्टूर ते कल्लणै सरळ रेघ ओढा. ती भरते जेमतेम १५० किलोमीटर, दिशा आग्नेय. हे झाले विस्थापन. त्याला ७२ने भागा : ताशी सुमारे दोन किलोमीटर, आग्नेयेकडे. हा सरासरी वेग. पाणी तेच, वेळ तीच. पण नदी वळणे घेते, म्हणून आकडे दोन.

मग खरा कोणता? दोन्ही. कडैमडैच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी कधी येईल हे हवे असते; त्याला वाटेची लांबी आणि चाल पुरते. पण कालव्यात उडी मारणाऱ्या पोराला दिशाही कळायला हवी.

समजा, कालवा २० मीटर रुंद आहे. पोरगा सेकंदाला एक मीटर पोहतो, पाणीही तितकेच धावते. २० सेकंदांत तो पलीकडे लागेल, पण समोर नव्हे. २० मीटर खाली. तिथे घाट नसून मोरीचे तोंड असले, तर? म्हणून फौजेत नदी ओलांडताना आम्ही नेहमी उतरायच्या जागेच्या बरेच वर पाण्यात शिरत असू.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पाण्याची चाल दुप्पट झाली, की त्याचा अंगावरचा रेटा चौपट होतो. काल ज्या गुडघाभर पाण्यात उभे राहिलात, तेच पाणी आज पाय उचलू शकते. नवे पाणी सुटल्याची दवंडी ऐकलीत, तर पोरांना काठावरच थांबवा.

पुढच्या भागात त्वरण. जय हिंद!