संगणकांचा संगणक फुटतो तेव्हा
(लेखमाला : भाग ७)

एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन कशी नांदतात, ते मागच्या भागात पाहिले. शिर्डीच्या वाचकाने भक्तनिवास डोळ्यांसमोर आणावा. खोल्या शेकडो, प्रत्येकीला वेगळे कुलूप, शेजारच्या खोलीत काय चालले आहे ते कोणाला दिसत नाही. पण सगळ्या किल्ल्या व्यवस्थापकाच्या कचेरीत. हायपरवायझर, म्हणजे ही मशीन चालवणारे सॉफ्टवेअर, ही ती कचेरी.

तिथे शिरण्याचा एक मार्ग आतून जातो. २०१५ मध्ये उघड झालेली ‘व्हेनम’ त्रुटी या प्रकारातली. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या, फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणाऱ्या कोडमध्ये ती २००४ पासून पडून होती. फ्लॉपी कधीच कालबाह्य झाली, कोड मात्र राहिला, आणि त्यातून एका मशीनमधला माणूस थेट हायपरवायझरपर्यंत पोहोचू शकत होता. असे हल्ले अवघड, म्हणून विरळ.

खरी लूट पुढच्या दाराने होते. व्हर्च्युअल मशीनची अख्खी डिस्क हायपरवायझरच्या लेखी फक्त एक फाइल असते. मशीन बंद करायचे, त्या फाइलला कुलूप लावायचे आणि खंडणी मागायची. मशीनच्या आतला अँटिव्हायरस काय करणार? मशीनच बंद असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘ईएसएक्सआय-आर्ग्ज’ या खंडणी-सॉफ्टवेअरने व्हीएमवेअर कंपनीचा ईएसएक्सआय हा हायपरवायझर चालवणाऱ्या जगभरातल्या हजारो सर्व्हरवर हेच केले. ज्या त्रुटीकडे तेव्हा बोट दाखवले गेले, तिची दुरुस्ती व्हीएमवेअरने दोन वर्षे आधीच दिली होती. याला मी दुर्दैव म्हणणार नाही, ही हेळसांड आहे.

२९ जुलै २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने आणखी एक पळवाट जाहीर केली. एखाद्या संस्थेच्या डोमेनला, म्हणजे वापरकर्त्यांच्या सामाईक यादीला, जोडलेल्या ईएसएक्सआयवर ‘ईएसएक्स ॲडमिन्स’ नावाच्या गटातील सदस्यांना आपोआप पूर्ण अधिकार मिळत. गट कोणी, कधी तयार केला, याची विचारपूस नाही. खंडणीखोर टोळ्या ही पळवाट वापरतही होत्या.

दोनच दिवसांनी, ३१ जुलैला, छोट्या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवरच्या खंडणी-हल्ल्यामुळे राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला व्यवहारांच्या जाळ्यातून तात्पुरते तोडले. देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे, मुख्यतः सहकारी आणि ग्रामीण बँकांचे, यूपीआय व एटीएम व्यवहार अडकले. सेवा दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाली. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीने ‘रॅन्समएक्स’ टोळीचे नाव घेतले. तिच्या विश्लेषणानुसार इथला शिरकाव भागीदार कंपनीच्या चुकीच्या मांडणीच्या जेनकिन्स (सॉफ्टवेअर-बांधणीच्या साधनाच्या) सर्व्हरमधून झाला. ईएसएक्सआय फोडण्यासाठी ही टोळी आधीपासूनच कुप्रसिद्ध आहे.

राहाता तालुका सहकाराचा आहे. लोणी-प्रवरानगरपासून शिर्डीपर्यंत माणसांची पुंजी सहकारी बँकांत आणि पतसंस्थांत असते, आणि प्रसादाच्या दुकानातही आता क्यूआर कोडवर पैसे घेतले जातात. म्हणून संचालक मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे : पुढच्या बैठकीत तुमच्या सॉफ्टवेअर पुरवठादाराला बोलवा. हायपरवायझरची शेवटची दुरुस्ती कधी केली, त्याचे व्यवस्थापनाचे दार इंटरनेटला उघडे आहे का, आणि बॅकअपची एक प्रत त्याच सर्व्हरच्या आवाक्याबाहेर ठेवली आहे का, हे विचारा. उत्तरे लेखी घ्या आणि सभासदांसमोर ठेवा.