राखेची वेदी

ऑलिंपियाच्या पवित्र आवारात झ्यूसच्या देवळाचे जवळपास सगळे खांब अजूनही पडल्या जागी, चकत्यांसारखे एकावर एक रेलून आहेत. बहुतेक लोक तिथंच थांबतात. मला मात्र ओढ होती ती हेराच्या देवळाजवळच्या मोकळ्या जागेची. झ्यूसची मोठी वेदी याच भागात होती. आज तिचं काहीही उभं नाही, कारण ती रचलेली होती मुख्यतः राखेची.

इ.स. दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा ग्रीक प्रवासी इथं आला आणि त्यानं वेदीची मापं लिहून ठेवली. खालच्या ओट्याचा घेर १२५ फूट, वरच्या थराचा ३२ फूट, एकूण उंची २२ फूट. ओट्यापर्यंत दगडी पायऱ्या होत्या. तिथून वरच्या पायऱ्याही राखेच्याच, आणि त्या चढण्याचा अधिकार फक्त पुरुषांना.

ग्रीक बळीविधीचा क्रम ठरलेला असे. जनावरावर पाणी शिंपडायचं, जवाचे दाणे टाकायचे, कपाळावरचे चार केस कापून आगीत घालायचे. सुरी फिरताच बायका एकसुरात मोठ्यानं आरोळी देत. इथं बळी खालच्या ओट्यावर दिला जाई आणि मांड्या तेवढ्या माथ्यावर नेऊन जाळत. जळणासाठी लाकूड पांढऱ्या पॉप्लरचंच लागे, आणि ते ठरलेल्या दरानं पुरवायला देवस्थानाचा स्वतंत्र माणूस होता. देवाच्या वाट्याला हाडं, चरबी आणि धूर. मांस माणसं वाटून खात. ही वाटणी अशी का, याची प्रॉमिथियसची कथा ग्रीक कवी हेसिअडनं सांगितली आहे.

उत्सव असो वा नसो, ही आग रोज पेटे. शिवाय वर्षातून एकदा, एलाफिओस महिन्याच्या १९ तारखेला, शकुन पाहणारे पुरोहित नगरभवनातल्या अग्निकुंडाची राख आणत, ती आल्फिओस नदीच्या पाण्यात कालवत आणि वेदी सारवत. दुसरं कुठलंही पाणी चालत नसे.

इथल्या काळ्या मातीच्या थरात उत्खननकारांना भक्तांनी वाहिलेली ब्राँझची जनावरं सापडली. संग्रहालयात ती जवळून पाहता येतात. बोटभर बैल, काटकुळे घोडे. कुणाचे पाय कमीजास्त, कुणाची शिंगं नुसती चिमटीनं ओढल्यासारखी. राजेमहाराजांचा नजराणा हा नव्हे. ज्याला खरा बैल परवडत नसेल, त्याचीही इथं हजेरी लागली असणार, असं ती पाहताना वाटतं.

प्राचीन ग्रीकांच्या या धर्माला सर्वांना बांधणारा एक ग्रंथ नव्हता. त्याची श्रद्धा हातांत होती: पाणी, जव, लाकूड, राख, सगळं नेमानं आणि पिढ्यान्‌पिढ्या. शिल्पकार फिडिअसची भव्य झ्यूसमूर्ती देवळात होती, पण बळीचा मुख्य विधी बाहेर, उघड्या आकाशाखाली होई. म्हणून ऑलिंपियाला गेलात, तर खांबांचे फोटो काढून परतू नका. हेराच्या देवळाजवळच्या त्या रिकाम्या जागेपर्यंत जरूर चालत जा.